सहा गुंठे, चार वारस

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा हिशेब शाळेत कुणी पाठ करून घेत नाही. घरात वाटणीची बोलणी निघाली की तो आपोआप पाठ होतो.

सांगलीला वडिलांनी नोकरीत असताना घेतलेला आमचा प्लॉट ६ गुंठ्यांचा. रस्त्याच्या बाजूला ६६ फूट, आत ९९ फूट. मधोमध कौलारू घर, एका कडेला आड. आईच्या पश्चात दादाने विषय काढला, "तीन तुकडे पाडू, तीन घरं बांधू. ताई हक्कसोड देईलच."

भाऊबिजेला ओवाळणी घालायची आणि तिसऱ्या दिवशी सहीसाठी कागद पुढे करायचा, हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे, की त्यात कुणाला वावगे वाटत नाही. मला वाटले, आणि मी ते बोललो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला, हे बरेच जण जाणतात. पण मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित जागेत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "मला माझा वाटा हवा. म्हातारपणी माहेरीच राहायचं आहे."

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उभे चार तुकडे पाडले तर प्रत्येकी साडेसोळा फुटांची पट्टी. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे सोडले तर घर उरते साडेसहा फुटांचे! त्यात आगगाडीचा डबाही मावणार नाही. आडवे चार पाडले तर मागच्या तिघांना वाट हवी, आणि वाट कुणाच्या वाट्यातून काढायची यावर भल्याभल्या घरांत कोर्टकज्जे झाले आहेत.

अखेर दोनच तुकडे ठरले, पुढचा आणि मागचा. प्रत्येकावर दुमजली घर, एकेका मजल्यावर एकेक भावंड. कडेने १२ फुटांची वाट, चौघांच्या नावावर सामाईक. तिच्यात ५९४ चौरस फूट गेले, अर्ध्या गुंठ्याहून थोडे जास्त. आड त्या वाटेतच आला, त्यामुळे त्याच्यावरून भांडण उरले नाही.

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. घरात बसून वाटणीपत्र लिहिले म्हणजे प्लॉट पडला असे होत नाही. महापालिकेकडून विभाजनाचा नकाशा मंजूर व्हावा लागतो, भूमी अभिलेखकडून मोजणी, वाटणीपत्राची नोंदणी, मग प्रॉपर्टी कार्डावर नवी नावे. हे टाळून स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या तुकड्यांची दशा गुंठेवारीत दिसते. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली, २०२१ मध्ये तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या कामांसाठी वाढवली गेली. तरी दंड आणि हेलपाटे कुणाला चुकले?

मोजणीच्या दिवशी शेजारीही नोटिशीप्रमाणे हजर होते. खुणांचे दगड रोवून झाले, तेव्हा दादाने विचारले, "ताई, तुला खालचा मजला की वरचा?"

"खालचा," ती म्हणाली, "गुडघे दुखतात."