कच्चा रंग, पक्का रंग आणि इंग्रजी शब्द

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला, की भिवंडीच्या वाटेवर कोन गाव लागते. या बाजूला गोदामे, पुढे भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट. इथल्या कचेऱ्यांतून काम करणाऱ्या तरुणांना इंग्रजीत पत्रे लिहावी लागतात, मालावरच्या चिठ्ठ्या वाचाव्या लागतात. शब्दसंग्रह वाढावा म्हणून पुष्कळ जण समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या घोकतात. घोकणे वाईट नव्हे. पण यादीतला शब्द एकटा असतो, आणि एकटा शब्द फसवतो.

आपलाच 'कच्चा' हा शब्द पाहा ना. कच्चा माल म्हणजे 'रॉ', कच्चा आंबा 'अनराइप', कच्चे तेल 'क्रूड', कच्चा मसुदा 'रफ', गणितात कच्चा असलेला मुलगा 'वीक'. मराठीत एकच शब्द, इंग्रजीत पाच. आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. विरुद्धार्थी शब्दांचेही तेच. 'फास्ट'च्या उलट 'स्लो', हे शाळेतले पोरही सांगेल. पण कापडाचा 'फास्ट' रंग म्हणजे पक्का रंग. त्याच्या उलट 'स्लो' नव्हे, तर 'फ्युजिटिव्ह', म्हणजे अक्षरशः पळपुटा! धुतल्यावर किंवा उन्हात पळून जातो तो रंग. तेव्हा शब्द पाठ करायचा तो नामासकट, बरं का.

इंग्रजीत इतके समानार्थी शब्द आले कुठून? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबारात, न्यायालयात फ्रेंच बोलू लागली, पंडितांची लॅटिन होतीच, आणि घरात जुनी इंग्रजी राहिली. म्हणून आई 'आस्क' करते, वकील 'क्वेश्चन' करतो आणि पोलीस 'इंटरॉगेट' करतात. आपल्याला हे नवल वाटायला नको. 'पाणी' आणि 'जल' यांचा अर्थ एकच. पण 'तांब्याभर जल आण' असे घरात कोण म्हणते?

शब्दाला मोल असते आणि डागही असतो. गिऱ्हाइकाला पत्र लिहिताना 'आमचे कापड चीप आहे' असे लिहिले, तर तो 'हलके' असाही अर्थ घेईल. 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हटले, तर नुसते स्वस्त. दोन्ही शब्द यादीत शेजारी बसतात. पत्रात एक मागणी आणतो, दुसरा घालवतो.

आणि एक शब्द तर जिवावर बेतणारा आहे. 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेले, 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारे. मग पिंपावरचे 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे? मुळीच नाही! पटकन पेट घेणारे. इथला 'इन' नकाराचा नव्हे, तो लॅटिनमधल्या 'पेटवणे' या क्रियापदाचाच भाग आहे. हा घोटाळा टळावा म्हणून अमेरिकेतल्या अग्निप्रतिबंधक संस्थेने 1920 नंतरच्या दशकात 'फ्लेमेबल' या रूपाचा आग्रह धरला. त्याच्या उलट 'नॉनफ्लेमेबल'. गोदामात काम करणाऱ्याने ही जोडी आधी शिकावी, बाकीची यादी मागाहून.

पीटर मार्क रॉजेट या इंग्रज डॉक्टराचा प्रसिद्ध 'थिसॉरस' 1852 साली निघाला. त्यात शब्द अर्थाप्रमाणे लावले आहेत, आणि परस्परविरोधी कल्पना शेजारशेजारच्या स्तंभांत. असे काम पूर्वी कोणी केले, हे सांगताना रॉजेटने प्रस्तावनेत पहिले नाव घेतले ते आपल्या अमरकोशाचे. पण या ग्रंथांतून शब्द आठवावा, निवडावा; नवा शब्द तिथून उचलून थेट पत्रात घालू नये. आधी तो कोशातल्या वाक्यात कसा वापरला आहे, ते पाहावे.

वही करा. एका पानावर एकच मराठी शब्द घ्या, तोही रोजच्या कामातला. समजा, 'पातळ' घेतला. पातळ कापड 'थिन', पातळ आमटी 'वॉटरी'. कापडाचीच तारीफ करायची तर तलम म्हणजे 'फाइन', आणि नावे ठेवायची तर विरविरीत म्हणजे 'फ्लिम्झी'. प्रत्येकासमोर त्याच नामाचा विरुद्धार्थी शब्द लिहा. पुढच्या पानावर 'जाड' घ्या. जाड पुठ्ठा 'थिक', जाड माणूस 'फॅट', पण तोंडावर म्हणायचे असेल तर 'स्टाउट' बरा. जाडे मीठ 'कोर्स', आणि त्याच्या उलट 'थिन' नव्हे, 'फाइन'.