पोवाडा : घरात शिकलेला इतिहास



चौथीत सिंहगडाचा पाठ आला की आपण १६७० हे साल पाठ करून घेतो. पण तानाजींची गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे. गोंधळी-शाहिरांच्या घरात पोवाडा ऐकूनच शिकायचा. मुलगा आधी बापामागे उभा राहून ‘जी जी रं जी’ अशी झील धरायचा. हळूहळू शब्द, चाल, डफाचा ठेका अंगात भिनायचा.

१८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे छापले. शब्द वाचले, पण चाल कागदावर येत नाही ना!

आपल्या बोरीवलीतही कुणाचे आजोबा सातारा-कोल्हापूरकडचे असतीलच. मग एवढाच गृहपाठ द्या : आजोबांकडून चार ओळी ऐका आणि वर्गात चालीसकट म्हणा.