महालक्ष्मीचा डोंगर आणि त्याच्या दोन कथा

देवस्थानाविषयी बोलायला कामगार संघटनेच्या माणसाने उभे राहावे याचे काहींना नवल वाटेल. पण चैत्री पौर्णिमा जवळ आली की बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रजेचे अर्ज वाढू लागतात आणि कारण विचारले तर एकच शब्द ऐकू येतो : ‘जत्रा’. ज्या डोंगराकडे आपल्या तालुक्यांतला कष्टकरी एवढ्या ओढीने जातो, तो डोंगर समजून घेतल्याशिवाय तो माणूस तरी कसा समजणार?

हे स्थान डहाणू तालुक्यात विवळवेढे गावी आहे. बोईसरहून चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठावा आणि उत्तरेकडे चारोटी मागे टाकावे, म्हणजे उभ्या मुसळासारखा एक सुळका दिसू लागतो. म्हणूनच त्याला मुसळ्या डोंगर म्हणतात. देवीचे मूळ ठाणे वर गडावर आणि मोठे देऊळ पायथ्याशी, अशी ही दोन स्थाने आहेत. चैत्री पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस येथे जत्रा भरते. पावसाळ्यापूर्वीची बेगमीही लोक येथेच करतात. सुकी मासळी, मसाला, टोपल्या घेऊन माणसे घरी परततात.

जत्रेचा कळस म्हणजे ध्वज. पौर्णिमेच्या मध्यरात्री पुजारी ध्वज घेऊन अंधारात तो अवघड सुळका चढतो आणि पहाटे परततो. हा मान वाघाडीच्या आदिवासी पुजारी घराण्याचा, आणि ध्वज येतो तो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, राजाचे राज्य गेले. पण ध्वज पाठविण्याचा रिवाज राहिला. राजाने ध्वज पाठवावा, पण शिखरावर तो आदिवासीनेच न्यावा, ही वाटणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता पहिली कथा. देवी जेव्हा फक्त गडावरच होती, तेव्हा एक गरोदर बाई दर्शनासाठी डोंगर चढू लागली. अर्ध्या वाटेवर तिला घेरी आली आणि ती कोसळली. देवीला तिची दया आली. ‘तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते,’ असे सांगून देवी पायथ्याशी येऊन राहिली. खालचे देऊळ झाले ते असे.

पुराणांतल्या देवतांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्यांत बहुधा भक्ताची परीक्षा होते. तो उपाशी राहतो, रक्ताळल्या पायांनी चढतो आणि मग देव प्रसन्न होतो. येथे उलटे आहे. पोटुशी बाईला चढ झेपत नाही, हा तिचा दोष मानलेला नाही. चढच तिच्यासाठी कमी केला आहे. हे शहाणपण कायद्यात यायला किती काळ लागला पाहा. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या सवलतीचा कायदा १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. सर्व देशासाठी कायदा १९६१ मध्ये आला आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. कागदावर देवी खाली उतरली! पण ठेकेदाराच्या हजेरीवर काम करणाऱ्या बाईला सहावा महिना लागताच ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगितल्याचे मी स्वतः पुष्कळदा ऐकले आहे. आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आपण वाचल्या आहेत.

दुसरी कथा पांडवांची. वनवासात भीमाने देवीला पाहिले आणि लग्नाची मागणी घातली. देवीने अट घातली : एका रात्रीत सूर्या नदीला बांध घालून दाखव. भीम कामाला लागला. बांध पुरा होत आला, तेव्हा देवीने कोंबड्याचा आवाज काढला. उजाडले असे समजून भीमाने काम टाकले आणि तो निघून गेला. वाघाडीजवळ नदीच्या पात्रातल्या खडकांना लोक आजही भीमबांध म्हणतात.

अशी कथा दूर आसामातही सांगतात. गुवाहाटीच्या नीलाचल टेकडीवरील कामाख्या देवीने नरकासुराला एका रात्रीत डोंगराला पायऱ्या बांधायला सांगितले आणि तेथेही कोंबडा वेळेआधी आरवला, पायऱ्या अर्ध्याच राहिल्या. निसर्गात एखादी सरळ, बांधल्यासारखी रचना दिसली की माणूस तिच्यासाठी बांधणारा शोधतो. आपल्या किनारपट्टीत जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठून तयार झालेल्या खडकांच्या भिंती पुष्कळ आहेत. त्या पाहून कोणालाही बांध आठवावा.

मला मात्र कथेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बळ आणि श्रम दोन्ही भीमाचे, तरी त्याने देवी त्याची होत नाही. तिच्या मनाविरुद्ध तिला मिळविता येत नाही, हा तिचा हक्क गोष्ट सांगणाऱ्यांनी शाबूत ठेवला.

पुढे याच सूर्येला खरे धरण झाले, धामणीचे, आणि त्याखाली कवडासचा बंधारा. ते एका रात्रीत झाले नाही. त्याला वर्षे लागली, बिगाऱ्यांचे हात लागले, आणि आदिवासींची घरे-शेते पाण्याखाली गेली. पाणी शेतीसाठी म्हणून अडविले. पुढे ते तारापूरच्या कारखान्यांना गेले, वसई-विरारला गेले. नंतर वसई-विरार आणि मिरा-भाईंदर मिळून रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आली. शहराला पाणी नको असे कोण म्हणेल? तेथेही आपलीच माणसे चाळींत राहतात. पण ज्याची जमीन बुडाली त्याच्या शेतातला पाट कोरडा राहू नये, एवढे मागणे काही गैर नाही. वेठीविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले, ते याच भागात. फुकट राबणार नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले. आज त्यांची मुले विचारतात, आमचे पाणी फुकट का?

म्हणून डोंगरावर जाल तेव्हा जरूर वर चढा. पण खाली उतरल्यावर एकदा सूर्येच्या काठीही जा. देवी दुबळ्यासाठी खाली आली, ही श्रद्धा ज्या लोकांनी इतकी शतके जपली, त्यांच्या पाड्यापर्यंत रस्ता, दवाखाना आणि पाणी पोचले की तो नवस फिटला असे मी समजेन.