निश्चयाचे अर्थकारण

१९७८ साली हवाई बेटांवर १५ जणांनी एका दिवसात ३.८ किलोमीटर पोहण्याचा, १८० किलोमीटर सायकल चालविण्याचा आणि ४२.२ किलोमीटर धावण्याचा संकल्प सोडला. १२ जणांनी तो तडीस नेला. ‘आयर्नमॅन’ नावाने ही स्पर्धा आज जगभर भरते. जळगाव-धुळ्याच्या तरुणाला मात्र तिच्या तयारीचे महिने कठीण जातात. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकतो, पांझरेत बहुतेक काळ पोहण्याजोगे पाणी नसते. उत्साह आटला, तर दोष केवळ त्याच्या मनोबलाला द्यावा काय?

थेलर आणि शेफ्रिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली असे मांडले की, एकाच माणसात योजणारा आणि करणारा असे दोघे नांदतात. योजणारा रात्री पहाटे चारचा गजर लावतो. करणारा तो बंद करून कुशीवर वळतो. यावर उपाय उपदेशाचा नव्हे, बंधनाचा आहे. सरावाचा तक्ता लिहावा, त्यात विसाव्याचा दिवसही धरावा आणि सोबती जोडावा. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’चे सुमारे ४,८०० किलोमीटर आळीपाळीने सायकल चालवूनच पार केले.

सोबतीबरोबर सोयही हवी. पहाटे खुला राहणारा तलाव ही महापालिकांनी आपली जबाबदारी मानली पाहिजे.

केळीचा घड हाती येण्यास वर्ष लागते. आपला बागाईतदार रोज घडाची चिंता करीत बसत नाही. आजची पाण्याची पाळी मात्र चुकवीत नाही.