केप्लर-४५२बी: फक्त चार सावल्यांवरून ओळखलेला ग्रह

‘दुसरी पृथ्वी सापडली’ असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. सोबत निळ्या समुद्राचं, पांढऱ्या ढगांचं झकास चित्र. अशा बातम्यांमध्ये हमखास येणारं एक नाव म्हणजे केप्लर-४५२बी. पहिलीच गोष्ट सांगतो: ते चित्र म्हणजे फोटो नाही, चित्रकाराची कल्पना आहे. हा ग्रह आजवर थेट कुणीच पाहिलेला नाही. मग तो सापडला कसा?

नासाची केप्लर दुर्बीण २००९ मध्ये अवकाशात गेली. आकाशाच्या एकाच तुकड्याकडे बघत तिने चार वर्षं सुमारे दीड लाख ताऱ्यांचा प्रकाश मोजला. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. याला म्हणतात अधिक्रमण. २०१२ मध्ये शुक्र सूर्यासमोरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसला होता, तोच प्रकार.

केप्लर-४५२ हा तारा साधारण १८०० प्रकाशवर्षं दूर आहे आणि बराचसा आपल्या सूर्यासारखा आहे. त्याचा प्रकाश दर ३८५ दिवसांनी, साधारण साडेदहा तास, दहा हजारात जेमतेम दोन भाग इतका कमी होताना दिसला. त्यावरून हिशोब निघाला: ग्रह पृथ्वीच्या १.६ पट रुंद, आणि ताऱ्यापासून अशा अंतरावर की पाणी द्रवरूपात राहू शकेल. जुलै २०१५ मध्ये घोषणा झाली आणि हेडलाइन्स सुरू झाल्या.

आता खरी गंमत. असे डिप मिळाले किती? फक्त चार!

त्यात अजून एक भानगड. सौरपॅनेल सूर्याकडे राहावीत म्हणून केप्लर दर तीन महिन्यांनी ९० अंशांत वळायची. त्यामुळे प्रत्येक तारा साधारण वर्षभराने पुन्हा त्याच सेन्सरवर यायचा. काही सेन्सर्सच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये नॉइज होता. म्हणजे अशा सेन्सरवर खोटा डिप उमटला, तर तोही वर्षभराच्या अंतराने परत दिसू शकतो, अगदी ग्रहासारखाच. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एरर खरी आहे की लॉग लिहिणाऱ्या कोडमध्येच बग आहे, हा प्रश्न.

२०१८ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हाच मुद्दा मांडला. ग्रह ‘पक्का’ म्हणायला ९९ टक्के खात्री लागते आणि इथे ती मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ग्रह नाहीच, असं ते म्हणाले नाहीत. पुरावा पुरेसा नाही, एवढंच.

मग दुसऱ्या पद्धतीने का नाही तपासत? ग्रह आपल्या ताऱ्याला थोडं हलवतो, ते मोजता येतं. पण पृथ्वी सूर्याला हलवते ती सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर वेगाने. इतक्या दूरच्या, मंद ताऱ्याची एवढी बारीक हालचाल पकडणं आज शक्य नाही. म्हणून या ग्रहाचं वजन मोजलेलं नाही, आणि तो खडकाळ आहे की वायूने वेढलेला, हेही सांगता येत नाही. युरोपची प्लेटो दुर्बीण म्हणूनच जास्त तेजस्वी तारे बघणार आहे, म्हणजे दोन्ही पद्धतींनी खात्री करता येईल.

तर पुढचा फॉरवर्ड आला की तीन प्रश्न विचारा: फोटो आहे की चित्र? किती वेळा दिसला? दुसऱ्या पद्धतीने तपासला का? उत्तरं मिळाली की मग खुशाल शेअर करा. भेटूया पुढच्या भागात!