न्हाणीघर नवे करताना आधी पाण्याची वाट ठरवा

उसाचे बिल जमा झाले की घरात डागडुजीची चर्चा निघते. कोणी गोठ्याच्या पत्र्याचे नाव काढतो, कोणी बांधावरच्या पाइपलाइनीचे. घरातल्या बायका मात्र गेली आठ-दहा वर्षे एकच गोष्ट सांगत असतात. न्हाणीघराची फरशी उखडली आहे, दार नीट लागत नाही, भिंतीला ओल आली आहे, आणि सासूबाईंना तिथे एकटे सोडायची भीती वाटते. या वर्षी तुम्ही त्यांचे ऐकले असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी हे वाचा.

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने तिथे 2009 च्या सुमारास कोयनेचे पाणी चोवीस तास देणारी योजना उभी राहिली. घरोघर मीटर बसले, आणि जो जास्त पाणी वापरेल त्याला दरही चढा लागू झाला. देशभरातून लोक ती योजना पाहायला आले. पण अशा पाण्याने घरातल्या न्हाणीघराचा हिशेब कसा बदलतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

पूर्वी नळ तासभर यायचा. म्हणून न्हाणीत हौद, पिंप, रांजण, घंगाळ अशी भरताड असायची आणि निम्मी जागा त्यातच जायची. पाणी कायम असले की हौद काढता येतो आणि तेवढी जागा मोकळी होते. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, तीही काळजी कमी होते. ही झाली फायद्याची बाजू. दुसरी बाजू अशी, की तासभर पाणी येणाऱ्या नळाचा सांधा गळत असेल तर तो तासभरच गळतो. चोवीस तास दाब असलेल्या नळाचा सांधा रात्रंदिवस गळतो, आणि तो सांधा भिंतीच्या पोटात असेल तर पत्ता लागतो तो मीटरच्या आकड्यावरून किंवा पलीकडच्या खोलीतल्या पोपड्यांवरून. म्हणून आमचे सांगणे इतकेच, की पैसा आधी भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली घाला. वरच्या चकचकीत टाइल्सचे नंतर बघता येईल.

आधी अंगणात आखून बघा

मोठ्या खोलीला लागून न्हाणी-संडास एकत्र करायचा असेल, तर आठ फूट बाय पाच फूट जागा पुरते. कागदावरच्या नकाशाने घरच्या मंडळींना अंदाज येत नाही. राखेने किंवा चुन्याने अंगणात खऱ्या मापाची चौकट आखा. दार कुठे, पाट कुठे, बादली कुठे, कपडे धुवायला कुठे बसणार, हे तिथे प्रत्यक्ष बसून उठून बघा. हे काम घरातल्या बाईने करावे, कारण त्या जागेत सर्वांत जास्त वेळ तिचाच जातो. पाणी सांडते ती बाजू आणि कोरडी राहणारी बाजू वेगळी ठेवा. कपडे टांगायची खुंटी ओल्या बाजूला आली, तर नवे न्हाणीघर बांधूनही रोज ओले लुगडेच नेसावे लागेल.

दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी घसरून पडले आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडते आणि बाहेरची माणसे हताश उभी राहतात. कडीही गरज पडल्यास बाहेरून उघडता येईल अशी घ्या. दाराची रुंदी तीन फूट मिळाली तर उत्तम, पुढे कधी चाकांची खुर्ची न्यावी लागली तर अडचण येणार नाही.

जुनी भिंत तोडण्याआधी

या भागात हा मुद्दा हलका धरू नका. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाटण तालुक्यात सर्वांत जास्त पडझड झाली ती दगड-मातीच्या जाड भिंतींची. असे वाडे आणि घरे आजही अनेक गावांत उभी आहेत, आणि कोयना खोऱ्यात लहानमोठे धक्के अधूनमधून बसतातच. मोठ्या खोलीतून न्हाणीत जायला दार हवे म्हणून अशा भिंतीला सरळ भगदाड पाडणे धोक्याचे आहे. वरच्या तुळया कोणत्या भिंतीवर टेकल्या आहेत ते आधी जाणकाराला दाखवा. दार पाडायचेच असेल तर वरचे वजन टेकू देऊन धरा, सिमेंट-सळईचा लिंटल टाका, आणि कोपऱ्याच्या अगदी जवळ दार घेऊ नका. नळासाठी लांब आडव्या खाचाही अशा भिंतीत पाडू नयेत. त्यापेक्षा नळ भिंतीवरून उघडे न्यावेत. दिसायला जरा गावंढळ दिसतील, पण गळती लागली तर त्याच दिवशी कळेल. आमच्या मते उघडा नळ हाच शहाण्याचा नळ.

भिंत विटांची असेल आणि नळ आत घ्यायचेच असतील, तर गिलावा करण्याआधी सगळी तोंडे बंद करून नळात हातपंपाने दाब द्यायला सांगा. दाबाचा काटा रात्रभर हलला नाही, तर सांधे पक्के. प्लंबर घाईत असला की हे टाळायला बघतो. तुम्ही टाळू देऊ नका.

सांडपाणी जाणार कुठे?

पाणी वाढले की सांडपाणीही तेवढेच वाढते. गटाराची सोय असेल तर नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून जोडणी घ्या. नसेल तर आंघोळीचे पाणी आणि संडासाचे पाणी यांच्या वाटा पहिल्यापासून वेगळ्या करा. आंघोळीचे पाणी परसातल्या केळी, अळू, कर्दळीला चालते, आपल्या आज्यांनी हेच केले. जास्तीचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. पण कृष्णा-कोयनेकाठची काळी माती पाणी पटकन पीत नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि खड्डा तुंबतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा आणि खाली मोठे, वर लहान असे डबर भरा. खड्ड्याच्या आधी साबणाचा मेण आणि केस अडकतील असे लहान चेंबर ठेवा. ते महिन्याकाठी साफ केले, तरच खड्डा टिकतो.

संडासाची टाकी किंवा खड्डे पिण्याच्या विहिरीपासून आणि बोअरपासून पन्नास फूट तरी लांब, उताराच्या खालच्या अंगाला घ्या. इथे जागेची काटकसर केली तर घरातले पोर जुलाबाने आजारी पडते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. टाकीच्या हवेच्या नळाला वर जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास तिथूनच होते.

फरशीतल्या जाळीखाली बसते त्याला सगळे प्लंबर नाहणी ट्रॅप म्हणतात. त्यात दोन इंच पाणी कायम उभे राहते, आणि तेच पाणी गटाराची घाण हवा अडवते. चार पैसे वाचवायला हा ट्रॅप गाळला, तर अगरबत्त्या लावूनही वास जात नाही. घर महिनाभर बंद राहिले तर ट्रॅप सुकतो. आल्यावर त्यात तांब्याभर पाणी ओता.

उतार, आणि पाणी तुंबवून बघणे

फरशीला जाळीकडे दर फुटाला एक ते दोन सूत उतार हवा. एक इंचाची आठ सुते. न्हाणीची फरशी खोलीपेक्षा इंचभर खाली ठेवा. उंच उंबरा घालू नका, म्हातारी माणसे त्यालाच अडखळतात. टाइल लावण्याआधी पाणी अडवणारा थर फरशीवर आणि भिंतीवर फूटभर वर चढवून घ्या. आंघोळीच्या बाजूला तो डोक्याच्या उंचीपर्यंत न्या. थर वाळला की जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा आणि दोन दिवस तसेच ठेवा. खाली किंवा पलीकडच्या भिंतीला ओल आली नाही, तरच टाइलला हात लावू द्या.

टाइल खरखरीत, घसरणार नाही अशी घ्या. दुकानात तिच्यावर पाणी टाकून ओल्या तळव्याने चाचपून बघा. बाकी रंग तुमच्या आवडीचा. कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी अडीच-तीन फूट उंचीवर लोखंडी दांडी बसवा. ती भिंतीत खोल पुरलेली हवी, टाइलला चिकटवलेली नको. म्हातारा माणूस सगळा भार तिच्यावर टाकतो.

गरम पाणी

बंद न्हाणीत लाकडाचा बंब किंवा गॅसचा गिझर लावू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि बाहेर कोणाला कळत नाही. बंब अंगणात किंवा पडवीत ठेवा. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत लावून गरम पाणी नळाने आत आणा. विजेच्या गिझरला स्वतंत्र वायर, चांगली अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच हवाच. छतावर ऊन असेल तर सौर बंबही चांगला. चार माणसांना शंभर लिटरचा पुरतो. वर हवा जायला जाळीची खिडकी विसरू नका. ती पुरुषभर उंचीच्या वर घ्या, म्हणजे आडोसाही राहतो.

काम कधी काढावे

तोडणी किंवा पेरणीच्या दिवसांत काढू नका. घरच्या माणसाचे लक्ष नसले की गवंडी उतार विसरतो. आठ माणसे तीन आठवडे आंघोळ कुठे करणार, हेही आधी ठरवा. परसात बारदानाचा आडोसा आणि एक तात्पुरता दगड, एवढे पुष्कळ. सिमेंटला सात दिवस तरी पाणी मारावे लागते, या पायरीत घाई नको. मजुरी टप्प्याटप्प्याने द्या, आणि पाणी तुंबवून बघेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

भिंती बुजवण्याआधी नळ कुठून गेलेत ते टेप लावून मोबाइलवर टिपून ठेवा. उद्या खुंटी ठोकताना ड्रिल नळात जाणार नाही. आणि काम संपल्यावर एका रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल, तर गवंड्याला चहा पाजण्याआधी प्लंबरला बोलवा.