मारिओचा छत्तीसचा आकडा

'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधल्या १-२, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या, लेव्हलचा शेवट आठवा. जमिनीखालचं निळसर भुयार, खाली-वर सरकणाऱ्या फळ्या आणि अखेरीस आडवा लागलेला हिरवा पाइप. सरळमार्गी माणूस त्या पाइपात शिरतो आणि वर उजेडात येतो. जरा आगाऊ असेल तो फळीवरून छतावर चढतो, छतावरून पळत तीन पाइपांच्या खोलीत उतरतो आणि मधले दोन वर्ल्ड गाळून थेट चौथ्यात जातो. तिसरी जमात मूठभरांची. हे लोक भिंतीतून आरपार जातात.

त्याची रीत अशी. मारिओ मोठा हवा. पाइपावर उभं राहून डोक्यावरच्या विटांपैकी मधल्या फोडायच्या, पण भिंतीला चिकटलेली एक तशीच ठेवायची. मग पाइपाच्या अगदी डाव्या कडेला जायचं, तोंड डावीकडे करायचं, बसल्या बसल्या उडी मारायची आणि हवेत असताना उजवीकडे सरकायचं. दहापैकी नऊ वेळा डोकं आपटतं. एखाद्या वेळी मात्र मारिओ विटेत अडकल्यासारखा होतो आणि मग, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा, घन भिंतीतून घसरत पलीकडे निघतो.

हे होतं कारण गेम मारिओचं अख्खं अंग तपासतच नाही. तेवढं गणित करायला गेमच्या मशीनला वेळ नसतो. डोकं, पावलं आणि दोन्ही बाजू यांवरचे मोजके बिंदू ते पाहतं आणि त्यातला एखादा भिंतीत घुसलेला दिसला, तर मारिओला थोडं थोडं बाहेर सारतं. इथे ते चुकीच्या दिशेला सारतं, एवढंच.

पलीकडे तीच तीन पाइपांची खोली. पण आपण चोरवाटेने, वेळेआधी पोचलोय. स्वागताची पाटी अजून झळकायची आहे, पाइपांवरचे ४, ३, २ हे आकडे उमटायचे आहेत. पाटी यायच्या आत पहिल्या पाइपात उतरलं की पडदा काळा होतो आणि वर्ल्डच्या आकड्याच्या जागी दिसतं: नुसतं '-१'. उणे एक! पुढे पाण्याखालची एक लेव्हल. पोहत पोहत शेवटचा पाइप गाठला, की तो पुन्हा सुरुवातीला आणून सोडतो. कितीही वेळा जा. सगळे लाइफ संपले तरच सुटका.

जगभरच्या मुलांनी या 'मायनस वर्ल्ड'भोवती काय काय रचलं असेल ते रचलं. खरी गोष्ट मला त्या सगळ्याहून सुरस वाटते, आणि ती आहे काटकसरीची.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात बाजारात आलेला निन्टेन्डोचा हा गेम एकूण ४० किलोबाइटचा होता: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, ८ किलोबाइट चित्रं. आज फोनवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही बहुधा याहून जड असतो. चित्रांच्या ८ किलोबाइटमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांचे ५१२ तुकडे मावतात. निम्मे हलणाऱ्या पात्रांना, निम्मे मागच्या देखाव्याला. म्हणून या गेममधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं आणि एकदा हिरवं. ते तपकिरी मश्रूमसारखं पात्र, गूम्बा, सगळ्यांत शेवटी आलं, तेव्हा जागा जवळपास संपली होती. त्याचं एकच चित्र काढलं गेलं आणि ते आरशातल्यासारखं उलट-सुलट करून चालवलं गेलं. गेमचे निर्माते शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी लेव्हल्स कागदावर चौकटी आखून काढल्या. त्यातली प्रत्येक वस्तू, मग तो पाइप असो की विटांची रांग, प्रोग्रॅममध्ये साधारण दोन बाइटांत बसवली गेली.

आता त्या देखाव्याच्या तुकड्यांच्या यादीकडे बघा. ० ते ९ या क्रमांकांवर ० ते ९ हेच अंक आहेत. मग १० पासून ३५ पर्यंत इंग्रजीची सव्वीस अक्षरं. आणि ३६ क्रमांकावर? काहीच नाही. कोरी चौकट. जिथे काही दाखवायचं नाही तिथे ती चिकटवायची.

४-२ या लेव्हलमध्येही अशीच एक पाइपांची खोली आहे, पण तिथे मधला एकच पाइप आहे आणि तो पाचव्या वर्ल्डला नेतो. दोन्ही बाजूंना पाइपच नाहीत, त्यामुळे त्यांच्या वर आकडाही नको. तेव्हा प्रोग्रॅममध्ये पहिल्या खोलीसाठी ४, ३, २ अशी ओळ लिहिली गेली. दुसरीसाठी ३६, ५, ३६. आणि आणखी एका, तिसऱ्या खोलीसाठी ८, ७, ६. दुसरी ओळ म्हणजे कोरी, पाच, कोरी. पडद्यावर दिसायला अगदी बरोबर. गंमत पुढे आहे. पाइपावर काय लिहायचं आणि पाइपातून कुठे जायचं, या दोन्ही कामांना हीच एक ओळ वापरली जाते. दोन याद्या कोण ठेवणार, जागा कुठे आहे?

आणि आपण भिंतीतून शिरतो त्या क्षणी खोलीची मांडणी अर्धवट झालेली असते. पाटी येईपर्यंत गेमकडे एक तात्पुरती खूण असते आणि ती नेमकी दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवते. आपण डाव्या पाइपात उतरतो. गेम ओळीतला पहिला आकडा उचलतो आणि आपल्याला छत्तिसाव्या वर्ल्डला पाठवतो. वर्ल्ड आहेत आठ. यादीच्या पार पुढे जाऊन तो भलत्याच कामाची माहिती वाचतो, आणि त्यातून जो क्रमांक हाती लागतो तो निघतो २-२ आणि ७-२ मध्ये दिसणाऱ्या पाण्याच्या नकाशाचा. वर्ल्डचं नाव '३६-१'. पण छत्तीस म्हणजे कोरी चौकट! उरतं काय, तर आडवी रेघ आणि एक. उणे कुठेच नव्हतं. आकडा अदृश्य होता.

मधल्या पाइपात शिरलात तर मुकाट पाचव्या वर्ल्डला पोचता. हे फारसं कुणी सांगत नाही, कारण त्यात थरार नाही.

पुढे जपानात याच गेमची डिस्कवरची आवृत्ती आली. तिथे स्मृतीतली मांडणी वेगळी, म्हणून छत्तिसाव्या जागेवरचा कचराही वेगळा: चक्क तीन लेव्हल्स मिळतात आणि त्या पार करताही येतात. पहिलीत १-३ चा देखावा पाण्याखाली बुडालेला आणि मधेच राजकन्या तरंगताना दिसते. खूप वर्षांनी या प्रकाराबद्दल विचारल्यावर मियामोतोंनी सांगितलं, की ती चूकच आहे, पण गेम बंद पडत नाही म्हटल्यावर तिला सोयही म्हणता येईल.

अंक आणि चित्र यांच्यात फरक न करण्याची हीच सवय आणखी एका ठिकाणी उघडी पडते. ३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून उतरणारं कासव आठवत असेल. त्याच्या पाठीवर नेमक्या जागी उडी बसली, की कवच पायरीवर आपटून परत येतं, पुन्हा पायाखाली, पुन्हा पायरीवर, आणि लाइफ वाढतच जातात. ही मात्र चूक नाही; निर्मात्यांनी जाणूनबुजून जमू दिलेली करामत आहे, फक्त लोक ती इतका वेळ साधतील असं त्यांना वाटलं नव्हतं. दहा लाइफ झाले की पडद्यावर एक मुकुट येतो आणि पुढे ०. एकोणीसला मुकुट आणि ९. विसाव्याला? मुकुट आणि 'ए'. कारण गेम दहा वजा करतो आणि उरलेल्या क्रमांकाचा तुकडा उचलून चिकटवतो; दहाव्या क्रमांकावर 'ए' आहे. मग बी, सी, डी. सेहेचाळीसला पोचलात की मुकुटापुढे काहीच दिसत नाही: पुन्हा आपली छत्तिसाची कोरी चौकट. त्यापुढे विटांचे, ढगांचे तुकडे. आणि हावरटपणा करून १२८ च्या पलीकडे गेलात, तर पुढच्या मरणाला गेम ओव्हर, कारण एका बाइटात त्यापुढचा आकडा ऋण समजला जातो. खरं उणे लपलंय ते इथे.

सगळंच अपघाताने झालेलं नाही. १-१ मध्ये पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे हवेत एक अदृश्य चौकोन आहे, त्यातून हिरवा मश्रूम निघतो. २-१, ३-१ मध्येही असे चौकोन आहेत, पण ते कधी असतात, कधी नसतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त मशीनवर आणि 'इतके लाख इन वन' लिहिलेल्या कॅसेटवर हा गेम घरोघरी पोचला, तेव्हा या लपंडावाचं खापर कॅसेटवर फुटायचं; ती काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. कॅसेटचा दोष नव्हता. आधीच्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये ठरावीक नाणी गोळा केली असतील, तरच पुढच्या वर्ल्डचा मश्रूम हजर होतो: १-३ मध्ये २१, २-३ मध्ये ३५, ३-३ मध्ये २२. झटक्यात उड्या मारत पुढे पळणाऱ्याला तो मिळत नाही. पाइपातून वर्ल्ड गाळून आलेल्याला मात्र मिळतो, हा उदारपणा का केला असेल कोण जाणे. आठव्या वर्ल्डच्या रकान्यात ९९ लिहिलंय. त्याच्यापुढे नववा वर्ल्डच नाही, पण रकाना भरायला हवा!

नववा वर्ल्ड नाही, हे म्हणणंही सगळ्या मुलांनी मान्य केलं नाही. गेम ओव्हर झाल्यावर 'ए' दाबून ठेवून स्टार्ट दाबलं, तर मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरुवात होते. त्यासाठी गेम मशीनच्या अवघ्या २ किलोबाइट स्मृतीत वर्ल्डचा आकडा जपून ठेवतो, आणि ती स्मृती आपलीच आहे ना हे ओळखायला शेवटच्या खणात १६५ ही खूण ठेवतो. रीसेट दाबलं तरी हे पुसलं जात नाही. जपानी पोरांनी शोधून काढलं, की मशीन चालू असताना मारिओची कॅसेट उपसून निन्टेन्डोचीच 'टेनिस' लावली, तर टेनिस त्या १६५ ला हात लावत नाही. वर्ल्डच्या खणात मात्र खेळाडूने कोर्टवर टाकलेली पावलं मोजत बसतं. हवी तितकी पावलं चालायचं, टेनिस उपसायचं, मारिओ परत लावायचा, रीसेट, मग 'ए' आणि स्टार्ट. पावलं जितकी, त्याप्रमाणे वर्ल्ड. एका बाइटात बसतात तेवढे, म्हणजे २५६. बरेचसे बंद पडतात, काहींत पाय ठेवल्या ठेवल्या मारिओ मरतो, आणि काही चक्क खेळता येतात. चालू मशीनमधून कॅसेट उपसल्यामुळे मशीनच जळेल ही भीती होतीच, तरी लोक उपसत राहिले.